सोय आपली, जोखीम तिची

‘संगणक सुरू केला की दर वेळी पासवर्ड विचारतो, ती कटकट एकदाची काढून टाका.’ गेल्या काही वर्षांत ही सूचना मी इतक्या संस्थांच्या इतक्या बैठकांत ऐकली आहे, की कुठे कोणी मांडली हे आता आठवतही नाही. तिला विरोध होत नाही, तिच्यावर चर्चाही होत नाही. इतिवृत्तात एक ओळ लिहिली जाते. दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणारा मुलगा येतो, दहा मिनिटांत काम उरकतो आणि चहा घेऊन जातो. त्या दिवसापासून बटण दाबलं की संगणक थेट उघडतो. समोर कोण बसलंय, हे तो विचारत नाही.

मला या सूचनेला विरोध करायचा आहे आणि तो जरा तपशिलात जाऊन करायचा आहे. कारण वरवर पाहता हा प्रश्न इतका किरकोळ वाटतो, की ‘एवढ्याशा गोष्टीवर काय लेख लिहायचा?’ असं कुणीही म्हणेल. पण स्त्रियांच्या बाबतीत ‘एवढीशी गोष्ट’ म्हणून जे जे बाजूला सारलं गेलं, त्यातूनच आपली चळवळ उभी राहिली आहे. तेव्हा किरकोळ या शब्दाला आपण तरी भुलू नये.

आधी हे होतं कसं ते पाहू. विंडोजच्या संगणकावर ‘नेटप्लविझ’ ही आज्ञा दिली की खात्यांची एक चौकट उघडते. ‘वापरणाऱ्याने नाव व पासवर्ड दिला पाहिजे’ अशा अर्थाच्या वाक्यापुढची बरोबरची खूण काढायची, पासवर्ड शेवटचा एकदा भरायचा, की झालं. काही नव्या संगणकांवर ही खूण सहजासहजी दिसत नाही, पण माहीतगाराला ती सापडते. यात पासवर्ड नाहीसा होत नाही, हे मात्र बहुतेक जणींना कुणी सांगत नाही. तो त्याच संगणकात साठवला जातो, आणि दर वेळी संगणक स्वतःच स्वतःला तो सांगून आत शिरतो. म्हणजे दाराला कुलूप आहे, पण किल्ली त्याच कुलपाला लटकवलेली आहे.

घरच्या संगणकावर मुलं चित्रं काढतात, कुणी रेल्वेचं तिकीट काढतं. तिथे ज्याचं त्यानं ठरवावं. मी बोलते आहे ते समुपदेशन केंद्र, मदत केंद्र, निवारागृह, कायदा सल्ला केंद्र अशा ठिकाणच्या संगणकाबद्दल. त्याच्या पोटात काय आहे, हे आपण एकदा शांतपणे आठवून पाहावं.

त्यात बाईचा अर्ज आहे, तिनं रडत रडत सांगितलेली आणि आपण शब्दशः टिपलेली हकिकत आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा घटनेचा अहवाल आहे. अंगावरच्या वळांचे, भाजल्याचे फोटो आहेत. आधार कार्डाची आणि बँकेच्या पासबुकाची प्रत आहे. गर्भपाताचे कागद, कधी एचआयव्हीच्या तपासणीचा अहवाल आहे. मुलांच्या शाळेचं नाव आहे. आणि या सगळ्यांहून मोलाची एक ओळ आहे: ‘सध्याचा पत्ता’. घर सोडून आलेली बाई आज कुठे राहते, हे जगात दोन-चार माणसांनाच ठाऊक असतं. त्यातला एक साक्षीदार आपला संगणक.

शिवाय संगणक म्हणजे आता फक्त त्यात साठवलेल्या फायली नाहीत. संस्थेची ईमेल त्यात उघडीच असते. फोनवरचं व्हॉट्सॲप त्यात जोडलेलं असतं. ब्राउझरनं बाकीचे सगळे पासवर्ड ‘लक्षात ठेवलेले’ असतात. तेव्हा पहिलं दार उघडं ठेवलं, की आतली सगळी दारं उघडी राहतात.

आता आपल्या कार्यालयात कोण कोण येतं? कार्यालय बहुधा दोन खोल्यांचं असतं. पुष्कळदा कुणा विश्वस्तांच्या घराचा पुढचा भाग. तिथे समाजकार्य महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी येतात. देणगीदार संस्थेचे पाहुणे येतात. वीज दुरुस्तीवाला, पाण्याचा जार आणणारा, वॉर्डातले कार्यकर्ते येतात. आणि आपणच बोलावलेला तो नवरा येतो, सोबत त्याचा भाऊ, मामा आणि ‘समाजातली चार प्रतिष्ठित माणसं’ घेऊन. संयुक्त बैठक म्हणजे ज्याच्यापासून धोका आहे त्याला आपण स्वतः खुर्ची देऊन बसवतो. ते कामच तसं आहे. पण ती खुर्ची कशाशेजारी आहे, हे तरी पाहायला हवं.

एका तालुक्याच्या गावातल्या केंद्रात झालेली गोष्ट सांगते. केंद्राचं नाव सांगणार नाही, कारण हे कुठेही घडू शकलं असतं. संयुक्त बैठक होती. बायकोशी एकटीशी बोलायला समुपदेशक आतल्या खोलीत गेली. नवरा बाहेर, संगणकाच्या टेबलाला टेकून बसला होता. संगणक उघडा होता, त्याला पासवर्ड नव्हता. बैठक संपली, सगळे पांगले. दोन दिवसांनी तो नवरा बायकोच्या मावसबहिणीच्या गावी, नेमका तिच्या दारात उभा. बायकोला त्याच रात्री तिथून हलवावं लागलं. त्यानं पत्ता संगणकातूनच घेतला, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित त्याला तो नातेवाइकांकडून कळला असेल. पण ‘संगणकातून घेतला नाही’ असंही केंद्राला सांगता येत नाही. कारण खातं सर्वांचं मिळून एकच, त्यालाही विचारणा नाही. मग कोणी काय उघडलं, याची नोंद राहणार कुठे? त्या बाईनं विचारलं, ‘ताई, तुम्ही तर म्हणाला होतात कुणाला कळणार नाही.’ या वाक्याला उत्तर देणं मला कुणावरही येऊ नये असं वाटतं.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पासवर्ड काढून टाकण्याच्या बाजूनं जे जे बोललं जातं, ते मी एकेक करून घेते.

पहिला मुद्दा विश्वासाचा. ‘आपण सगळ्या एकाच चळवळीतल्या. आपल्यात कुलपं कसली?’ ऐकायला हे फार चांगलं वाटतं. पण याच संस्थांमध्ये लोखंडी कपाट असतं. त्यात केसचे कागद असतात आणि कपाटाला कुलूप असतं. जुन्या कार्यकर्त्या त्या कपाटाची किल्ली कनवटीला लावून फिरायच्या. त्यांचा सहकाऱ्यांवर विश्वास नव्हता, असं आपण कधी म्हटलं का? उलट, त्या बाईचे कागद म्हणजे तिची ठेव आहे, ही त्यामागची समज होती. आज कपाटाचं कुलूप तसंच आहे. फक्त कागद कपाटातून निघून संगणकात गेले. कपाटात तीन वर्षांच्या फायली मावत होत्या, संगणकात वीस वर्षांच्या मावतात. आणि नेमकं त्यालाच कुलूप नाही.

विश्वासाच्या मुद्द्याला दुसरीही बाजू आहे. प्रत्येकीचं खातं वेगळं आणि प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा असेल, तर उद्या काही विपरीत झाल्यावर सगळ्या कार्यकर्त्या संशयाच्या पिंजऱ्यात उभ्या राहत नाहीत. स्वतंत्र खातं हे कार्यकर्तीचंही संरक्षण आहे. सगळ्यात नवी, सगळ्यात कमी मानधनावरची, बहुधा वस्तीतूनच आलेली मुलगी अशा वेळी आधी संशयित ठरते, हे आपण सगळ्याच जाणतो.

दुसरा मुद्दा वयस्कर कार्यकर्त्यांचा. ‘काकूंच्या लक्षात राहत नाही हो.’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या बाईला पंधरा वर्षांपूर्वीच्या खटल्याची तारीख, न्यायाधीशाचं नाव आणि जबाबातली विसंगती तोंडपाठ आहे, तिची स्मरणशक्ती कमी आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या लक्षात राहत नाही ते इंग्रजी अक्षरांचं निरर्थक कडबोळं: एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर महिन्याला ते पुन्हा बदला. असा पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाही. मग तो चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवला जातो. गंमत म्हणजे, या विषयातले जाणकारही आता हा जाच नको म्हणतात. अमेरिकेत तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेनं २०१७ सालच्या आपल्या सूचनांमध्येच सांगितलं, की कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नये. आणि चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावं. तेव्हा चार-पाच साधे मराठी शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले, इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तरी चांगला पासवर्ड होतो. जात्यावर बसणारी बाई शेकड्यांनी ओव्या लक्षात ठेवत आली आहे. पाच शब्द ती सहज लक्षात ठेवील. शिवाय विंडोजमध्ये त्या एका संगणकापुरता चालणारा आकडी पिन ठेवता येतो, सोय असेल तर बोटाचा ठसाही चालतो. फक्त पिन म्हणून संस्थेचं स्थापना वर्ष ठेवू नका. ते बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

तिसरा मुद्दा वेळेचा. वीज जाते, संगणक बंद पडतो, बाई समोर रडत असते, आणि आपण पासवर्ड भरत बसायचं का? ज्यांनी हे काम केलंय त्यांना ही घालमेल माहीत आहे. पण पासवर्ड भरायला पाच-दहा सेकंद लागतात, आणि बाई रडत असताना मुळात संगणकाकडे तोंड करून बसायचं नसतं. तिचं ऐकून घ्यायचं असतं. टिपण नंतरही होतं.

चौथा मुद्दा जरा जाणत्यांचा आहे. ‘पासवर्डनं तरी काय होतं? ज्याला माहिती हवी तो हार्ड डिस्क काढून नेईल आणि दुसऱ्या संगणकाला जोडून वाचेल.’ हे खरं आहे. नुसत्या पासवर्डानं डिस्कवरची माहिती गुप्त होत नाही. त्यासाठी डिस्क सांकेतिक करून ठेवावी लागते. विंडोजच्या काही आवृत्त्यांत ‘बिटलॉकर’ या नावानं ती सोय आहे. पण या मुद्द्यातून निघतो तो निष्कर्ष ‘दुसरंही कुलूप लावा’ असा निघायला हवा. ‘पहिलंही काढून टाका’ असा कसा निघतो? आणि आपल्याला भीती कुणाची आहे? परदेशात बसलेल्या कुणा संगणक-चोराची ती कमी आहे. आपली भीती आहे ओळखीच्या पुरुषाची, ज्याच्या हातात पेचकस नसतो, पण ज्याला रिकाम्या खुर्चीत तीन मिनिटं मिळतात. त्याला अडवायला पासवर्ड पुरतो.

‘पासवर्ड म्हणजे नुसती शोभा’ हा समज आपल्याकडे कुठून आला असावा, याचंही मला थोडं आश्चर्य वाटायचं. मग लक्षात आलं, की आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ मैत्रिणी संगणक शिकल्या त्या विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात. त्या संगणकांवर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट यायची खरी, पण ‘रद्द करा’ हे बटण दाबलं की सरळ आत जाता यायचं. तेव्हा ती खरोखरच शोभा होती. आज तसं नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आजचा निर्णय घेऊ नये.

‘आमच्यात काय लपवायचं?’

आता मूळ मुद्द्याकडे येते. ‘आपल्यात काय लपवायचं?’ हे वाक्य मी दोन ठिकाणी ऐकते. एक, संस्थेच्या बैठकीत. दुसरं, संयुक्त बैठकीत नवऱ्याच्या तोंडून. ‘मॅडम, नवरा-बायकोत लपवण्यासारखं काय असतं? हिनं फोनला पासवर्ड टाकला, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.’ त्याला आपण काय सांगतो? लग्न झालं म्हणजे बाईचं स्वतःचं असं काही उरत नाही, असं नसतं. तिची पत्रं, तिचा फोन, तिचं मन हे तिचं असतं. हे आपण ठासून सांगतो आणि बरोबर सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमतानं दिला. ‘घरातली गोष्ट खासगी’ या नावाखाली बाईवरची हिंसा झाकली जाते, ही स्त्रीवाद्यांची टीकाही त्या निकालात विचारात घेतली गेली आहे. खासगीपणा घराचा नसून माणसाचा आहे, हे आपणच तर इतकी वर्षं सांगत होतो.

पण हा हक्क कागदावर मिळाला म्हणून घरात मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के निघालं. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या बाबतीत फोनला कुलूप लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण फोनच त्यांचा नाही. ज्यांचा आहे, त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या फोनमध्ये नवऱ्याच्या बोटाचा ठसा नोंदवलेला असतो.

त्यातच १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल आपण नीट समजून घेतला पाहिजे. भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा दावा होता. नवऱ्यानं बायकोशी झालेलं फोनवरचं बोलणं तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केलं होतं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं ते पुरावा म्हणून नाकारलं. सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला, आणि नवरा-बायकोच्या दाव्यात असं मुद्रण पुरावा म्हणून येऊ शकतं असं म्हटलं. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नातं आधीच तुटलेलं आहे, असा त्यामागचा विचार. या निकालाचा उपयोग बाईलाही होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. चार भिंतींच्या आत दिलेली धमकी ती पुरावा म्हणून आणू शकते. पण पाळत ठेवायला लागणारा पैसा, फोन, तांत्रिक मदत आणि मोकळा वेळ कुणाकडे जास्त असतो? चोरून मिळवलेली गोष्टही न्यायालयात चालू शकते, हे एकदा समजलेला माणूस बायकोच्या फोनपाशी थांबेलच याची खात्री काय? ती कुठल्या ताईंकडे जाते, त्यांना काय सांगते, याचा शोध तो घेणारच.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. वर जे लिहिलं त्यावरून उद्या कुणी केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईला ‘आधी फोनला पासवर्ड टाक’ असं फर्मान सोडू नये. ज्या घरात कुलपाचाच संशय घेतला जातो, तिथे नवं कुलूप म्हणजे मार खायला नवं निमित्त. अशा घरात कधी कधी फोन उघडा ठेवणं आणि त्यात काहीच न ठेवणं, हीच सुरक्षितता असते. आपला नंबर ‘शिवणक्लास’ म्हणून साठवणारी बाई आपल्यापेक्षा शहाणी असते. तिच्या घरातला धोका तिला ठाऊक आहे. म्हणून तिच्या फोनबद्दलचा निर्णय तिचा. आपण माहिती द्यावी, पर्याय सांगावेत आणि थांबावं.

माझं म्हणणं या एका सूत्रात आहे. सोय आणि सुरक्षितता यांचं माप काढायचा अधिकार जोखीम उचलणाऱ्या व्यक्तीचा आहे. घरी जोखीम तिची, म्हणून निर्णय तिचा. आपल्या कार्यालयातही जोखीम तिचीच आहे. पासवर्ड काढल्यानं वाचणारे दहा सेकंद आपले, आणि पत्ता फुटला तर मार तिला. पण ज्या बैठकीत हा निर्णय होतो, त्या बैठकीला ती हजर नसते. तिला कुणी विचारलेलं नसतं. दुसऱ्याच्या जिवावर आपली सोय पाहणं, याला आपण एरवी काय म्हणतो? घरात पुरुष हेच करतात तेव्हा आपल्याकडे त्यासाठी चांगला धारदार शब्द असतो.

नाव झाकण्याचा हक्क आयता मिळालेला नाही

बाईची ओळख जपणं ही आपल्यावर बाहेरून लादलेली शिस्त नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि १९८० पासून मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला. तेव्हाच्या दुरुस्तीनं भारतीय दंड संहितेत २२८ अ हे कलम आलं: बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं किंवा जाहीर करणं हा गुन्हा ठरला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच ७२ वं कलम आहे. ज्या मुलीमुळे हा बदल झाला, तिचं नाव मात्र आजही आपण सगळ्या खटल्याच्या नावानं घेतो. तिला ते संरक्षण मिळालं नाही. तिच्यानंतरच्या बायकांना ते मिळावं म्हणून आपल्या आधीच्या पिढीनं मोर्चे काढले.

त्याच वाटेनं पुढे कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात, २००५ साली, सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद आली. २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भपाताच्या कायद्यात स्त्रीचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आली. न्यायालयाचं दार बंद ठेवायला आपण लावलं, डॉक्टरचं तोंड बंद ठेवायला लावलं, वर्तमानपत्राची लेखणी आवरायला लावली. आणि त्याच बाईची सगळी हकिकत आपल्या टेबलावर, कुणीही बसावं आणि वाचावं अशी ठेवायची?

किल्ली कुणाकडे?

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या कितीतरी संस्थांत संगणकाचा मुख्य पासवर्ड कार्यकर्तीला ठाऊकच नसतो. तो ठाऊक असतो संगणक दुरुस्तीवाल्याला, विश्वस्तांच्या भाच्याला, नाही तर हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांना. बाईंच्या केसेसची किल्ली संस्थेतल्या किंवा संस्थेबाहेरच्या पुरुषाच्या खिशात. ‘तुम्हाला जमणार नाही मॅडम, मी काढूनच टाकतो’ असं तो म्हणतो, आणि आपण त्याचे आभार मानतो. ज्या बायका वकिलाशिवाय अर्ज लिहायला शिकल्या, पंचनामा वाचायला शिकल्या, पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआरची प्रत मागायला शिकल्या, त्यांना संगणकावर आपलं खातं उघडायला जमणार नाही? एका दुपारच्या शिबिराचं काम आहे ते.

त्या शिबिरात काय शिकायचं, तेही सांगते. प्रत्येकीचं स्वतंत्र खातं, आणि जी संस्था सोडून गेली तिचं खातं त्याच दिवशी बंद. खुर्चीवरून उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ हे अक्षर एकत्र दाबायचं, की पडदा बंद होतो; पदर सावरण्याइतकी ती सवय व्हायला हवी. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडदा आपोआप बंद व्हावा, अशी योजना करायची. संयुक्त बैठकीच्या खोलीत संगणक ठेवायचाच नाही. डिस्क सांकेतिक करायची, आणि ती पुन्हा उघडण्याचा लांबलचक क्रमांक कागदावर लिहून त्याच जुन्या कपाटात कुलपात ठेवायचा. तो हरवला तर आपल्यालाच आपल्या फायली मिळणार नाहीत. फायलींना नावाऐवजी क्रमांक द्यायचे, आणि कुठला क्रमांक कुणाचा हे दाखवणारी वही संगणकाबाहेर ठेवायची. निवाऱ्याचा पत्ता संगणकात लिहायचाच नाही. दुरुस्तीवाला आला तर आपल्यापैकी एकीनं शेजारी बसायचं, संगणक त्याच्या दुकानात नेऊ द्यायचा नाही. आणि देणगी म्हणून मिळालेले जुने संगणक तपासून घ्यायचे: विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे, तेव्हा फुकट मिळालेली वस्तू किती महाग पडेल, ते आधी पाहावं.

देणगीदार संस्थांशीही यावर भांडावं लागेल. दर तिमाहीला त्यांना ‘लाभार्थीं’ची नावानिशी यादी हवी असते, फोटो हवे असतात, तेही ईमेलनं आणि आजच्या आज. कामाचा हिशेब द्यायला आपण बांधील आहोत, बाई द्यायला नाही. आकडे मागा, देऊ. नाव, गाव आणि चेहरा मिळणार नाही, एवढं लेखी कळवण्याचा ठराव आपण संघटनांनी मिळून केला, तर एकट्या संस्थेवर निधी गमावण्याची वेळ येणार नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. ‘पासवर्ड काढून टाकावा’ असा ठराव पूर्वी झाला असेल तर तो फिरवा. बैठकीला बसाल तेव्हा एक खुर्ची रिकामी ठेवा, आणि जिचा पत्ता तुमच्या संगणकात आहे अशी एखादी बाई त्या खुर्चीवर बसली आहे असं समजून मत द्या. काय ठरलं, काय अडचणी आल्या, ते अंकाकडे लिहून पाठवा. मात्र लिहिताना तिचं नाव घालू नका.